वाचकांचे प्रश्न : संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र शोधताना

कलासंग्रहालयांची संकेतस्थळे कशी वापरावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रांतील मजकूर संक्षेपाने घेतला आहे.

दादर येथील एक कलाशिक्षिका लिहितात : एकोणिसाव्या शतकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या आणि त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, असे वाचनात आले. वर्गातील मुलांना त्या दाखवाव्यात म्हणून मी संकेतस्थळ उघडले. परंतु प्रदर्शने, तिकिटे आणि दुकान यांच्याच पानांवर फिरत राहिले. चित्रे नेमकी कोठे आहेत?

उत्तर : चित्रे त्याच संकेतस्थळावर आहेत, आपण ज्या पानांवर होता, ती पाने मात्र संग्रहालयाला भेट देणाऱ्यांसाठी रचलेली आहेत. बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वेळा, तिकिटे, चालू प्रदर्शने, सभासदत्व, उपाहारगृह, दुकान अशी माहिती मिळते आणि मुखपृष्ठ जवळजवळ संपूर्णपणे याच भागाला वाहिलेले असते. दुसरा भाग म्हणजे संग्रहाची नोंदवही होय. संग्रहालयाचे अभिरक्षक पिढ्यान्‌पिढ्या जी नोंदवही हाताने लिहीत आले, तीच आता संगणकावर आली आहे. मुखपृष्ठावरच्या शोधचौकटीत शब्द टाकला, तर अनेकदा लेख, व्याख्याने, भेटवस्तू आणि चित्रे यांची सरमिसळ होऊन उत्तरे येतात. म्हणून त्या चौकटीकडे न जाता आधी वरच्या यादीत ‘कलेक्शन’ हा शब्द शोधावा आणि तेथील स्वतंत्र शोधचौकट वापरावी. आपण म्हणता त्या संग्रहालयात या भागाला ‘एक्सप्लोअर द कलेक्शन्स’ असे नाव असून तेथे बारा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत.

एवढ्या नोंदींतून हवी ती नोंद काढायची, तर त्या चित्रांचा इतिहास थोडा ठाऊक असलेला बरा. अजिंठ्याच्या प्रतिकृती प्रथम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षे खपून केल्या होत्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर जे. जे.मधील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांच्यात होते. तयार प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे, रवाना झाल्या आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांतील बऱ्याच गेल्या. वाचलेल्या प्रतिकृती आज तेथे आहेत. मूळ भित्तिचित्रांची पुढील काळात जी झीज झाली, ती होण्यापूर्वीचे त्यांचे रूप या प्रतिकृतींत टिकून राहिले आहे. त्यामुळे, मूळ कृती नव्हेत म्हणून त्यांना दुय्यम लेखणे मला योग्य वाटत नाही, आणि मुलांना त्या दाखवण्याचा आपला विचार मला फार मोलाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष शोध. ‘ग्रिफिथ्स’ या आडनावाने आरंभ करू नये, कारण त्या आडनावाच्या इतर अनेक कलावंतांच्या वस्तू पुढे येतील. शिवाय ज्या नोंदीत विद्यार्थ्याचे नाव कर्ता म्हणून दिलेले असेल, ती या शोधातून निसटण्याचा संभव राहील. ‘पद्मपाणि’सारखे आपल्या ओळखीचे नावही आधी घालू नये, कारण अशा नोंदींची शीर्षके अनेकदा ‘अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्राची प्रत’ अशा सर्वसाधारण धाटणीची असतात आणि चित्राचा विषय खाली वर्णनात येतो. म्हणून इंग्रजी लिपीत ‘अजंता’ आणि ‘कॉपी’ हे दोन शब्द द्यावेत, केवळ छायाचित्र असलेल्या नोंदी दाखवण्याची खूण करावी आणि नंतर लेण्याचा क्रमांक घालून शोध आवळत न्यावा. एक नोंद मनासारखी सापडली, की ती शेवटपर्यंत वाचावी आणि पुढचा शोध त्या नोंदीतल्याच शब्दांत करावा. कर्त्याचे नाव तेथे जसे लिहिले असेल तसे, तंत्राचे नाव जसे असेल तसे उचलावे. नोंद लिहिणाऱ्याने कोणते शब्द वापरले असतील, असा विचार करून शोधणाऱ्याला चित्रे लवकर मिळतात, असा माझा ठाम अनुभव आहे.

हीच दृष्टी गावांच्या नावांबाबतही ठेवावी. मुंबई, पुणे, ठाणे, वसई यांच्या जोडीने बॉम्बे, पूना, थाना, बसीन ही जुनी रूपेही घालून पाहावीत. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा येथील लघुचित्रे ‘डेक्कन’ या एकाच शब्दाखाली एकत्र सापडतात. अहमदनगरच्या इंग्रजी वर्णलेखनात ‘एम’नंतर काही ठिकाणी ‘ए’ तर काही ठिकाणी ‘ई’ असतो, आणि एका अक्षराच्या फरकाने शोधाचे उत्तर रिकामे येऊ शकते.

गिरगाव येथील एक वाचक विचारतात : आमच्या घरी आजोबांच्या काळापासून लक्ष्मीची एक तसबीर आहे. तिच्या खालच्या कडेला इंग्रजीत ‘रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असे छापलेले आहे. परदेशी संग्रहालयांत अशी चित्रे आहेत असे समजते. आमचे चित्र त्यांच्याशी कसे ताडून पाहावे, आणि संग्रहालयाच्या नोंदीतील ओळींचा अर्थ कसा लावावा?

उत्तर : आपल्या तसबिरीवरचा छापखान्याचा उल्लेख हाच शोधासाठी सर्वांत उपयोगी धागा आहे. ‘लक्ष्मी’ म्हणून शोधल्यास मूर्ती, नाणी, लघुचित्रे असे सारेच समोर येते. छापखान्याच्या नावाने शोधल्यास आपल्या चित्राची भावंडे एकत्र दिसतात. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. त्यामुळे कार्ला-लोणावळा हा पत्ता छापलेले चित्र स्थलांतरानंतरचे मानावे लागते. ब्रिटिश म्युझियमच्या नोंदींत प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे स्वतंत्रपणे दिलेली असतात आणि त्या नावावर टिचकी मारली, की त्याच छापखान्याच्या इतर वस्तू उघडतात. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची चित्रेही याच रीतीने तेथे पाहता येतात. ज्यांच्या घरी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली निघालेल्या या छापखान्याची चित्रे असतील, त्यांनी हा शोध अवश्य घ्यावा.

नोंदीतील ओळींविषयी सविस्तर लिहितो, कारण हे एकदा कळले की जगातील कोणत्याही संग्रहालयाची नोंद वाचता येते.

कर्त्याच्या नावाआधी जे शब्द येतात, ते नावाइतकेच लक्षपूर्वक वाचावेत. नुसते नाव असेल, तर संग्रहालयाला कर्तृत्वाची खात्री आहे. ‘अट्रिब्यूटेड टू’ असेल, तर अभ्यासकांच्या मते चित्र त्या व्यक्तीचे असावे, परंतु लेखी पुरावा नाही. ‘वर्कशॉप ऑफ’ म्हणजे त्याच्या कारखान्यातले, त्याच्या देखरेखीखालचे. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या मूळ चित्रावरून दुसऱ्याने केलेले; आणि रवि वर्मांच्या छापील तसबिरींच्या बाबतीत हाच शब्द आपल्याला अनेकदा दिसेल, कारण मूळ तैलचित्र त्यांचे असले तरी दगडावर रेखाटन करून रंग वेगळे करणारे हात छापखान्यातील कारागिरांचे होते.

त्यानंतर तंत्र आणि साहित्य. ‘लिथोग्राफ’ म्हणजे आपला शिळाछाप. अनेक रंगांसाठी अनेक दगड वापरून काढलेल्या चित्राला ‘क्रोमोलिथोग्राफ’ म्हणतात, आणि वर रोगण देऊन किंवा पृष्ठभागावर दाब देऊन तैलचित्राचा भास आणलेल्या चित्राला ‘ओलिओग्राफ’. एकाच छापखान्याचे चित्र एका संग्रहालयात दुसऱ्या, तर दुसऱ्यात तिसऱ्या नावाखाली नोंदलेले असू शकते. तेव्हा तिन्ही शब्दांनी शोधावे. काळाच्या ओळीत आकड्याआधी इंग्रजी ‘सी’ किंवा ‘सीए’ ही अक्षरे असतील, तर तो अंदाजे काळ समजावा. तो काळ मूळ तैलचित्राचा आहे की छापलेल्या प्रतीचा, हेही पाहावे. मापांत आधी उंची व मग रुंदी देण्याचा प्रघात आहे. छापील चित्राच्या नोंदीत कागदाचे आणि त्यावरील प्रतिमेचे माप वेगवेगळे दिलेले असू शकते. ताडून पाहताना प्रतिमेचे माप धरावे, कारण जुन्या तसबिरींचे कागद चौकटीत बसवताना कापलेले असतात. कागद काचेला चिकटलेला असेल, तर मोजमापासाठी तो सोडवण्याचा प्रयत्न कृपया करू नये. काचेवरूनच माप घ्यावे.

शेवटी ‘क्रेडिट लाइन’ आणि दाखल क्रमांक. पहिल्या ओळीत वस्तू देणगी म्हणून आली, मृत्युपत्राने आली की विकत घेतली, हे असते. दाखल क्रमांकात पुष्कळदा वस्तू संग्रहालयात कधी आली ते वर्ष दडलेले असते. उदाहरणार्थ, लंडनमधील ‘अकबरनामा’ची चित्रे ‘आयएस २-१८९६’ या क्रमांकाखाली आहेत. ‘आयएस’ म्हणजे इंडियन सेक्शन. १८९६ हे जनरल जॉन क्लार्क यांच्या पत्नीकडून ती चित्रे विकत घेतल्याचे वर्ष होय. ती रंगवली गेली त्याआधी तीनशे वर्षांच्या सुमारास. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शाहजहानच्या चित्रसंग्रहातील पानांचे क्रमांक ‘५५.१२१.१०’ असे आरंभ होतात. त्यातील ५५ म्हणजे १९५५. दाखल क्रमांकातील असे वर्ष चित्राच्या निर्मितीचे समजून लेखांत वापरलेले मी पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आपण विचारलेले नाही, परंतु असे पत्र लिहिणाऱ्या अनेकांच्या मनात असते म्हणून लिहितो : तसबिरीचे बाजारमूल्य या नोंदींत मिळत नाही. अशी किंमत सांगणे हे संग्रहालये आपले काम मानत नाहीत.

ठाणे येथील एक वाचक : एका जुन्या इंग्रजी पुस्तकात एका वस्तूखाली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, बॉम्बे’ असा उल्लेख आहे. लंडनच्या संकेतस्थळावर ती वस्तू काही केल्या मिळत नाही.

उत्तर : ती लंडनला नाही, भायखळ्याला शोधावी. राणीच्या बागेलगतचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ साली त्याला आजचे नाव मिळेपर्यंत ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणूनच ओळखले जात असे. लंडनच्या संग्रहालयाने ते नाव १८९९ साली, म्हणजे मुंबईच्या संग्रहालयानंतर धारण केले. याच रीतीने जुन्या ग्रंथांतील ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’ म्हणजे १९२२ साली खुले झालेले आणि आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने परिचित असलेले काळा घोडा येथील संग्रहालय होय.

कल्याण येथील एक पालक : मुंबईतील एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहिलेले दख्खनी लघुचित्र मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे आहे. तेथे गेल्यावर ते नक्की दिसेल का?

उत्तर : संकेतस्थळावर चित्र आहे, एवढ्यावरून तशी खात्री धरू नये. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात मांडलेल्या वस्तू संग्रहाच्या मानाने फार थोड्या असतात; ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ऐंशी लाख वस्तूंपैकी एकाच वेळी ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एक, मांडलेल्या असतात. लघुचित्रांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कागद आणि त्यावरील रंग यांना प्रकाश सोसवत नाही, म्हणून अशी चित्रे काही काळ मांडून पुन्हा भांडारात विसाव्याला ठेवतात. ज्या संग्रहालयांच्या नोंदीत ‘ऑन व्ह्यू’ असे लिहून दालनाचा क्रमांक दिलेला असतो, तेथे प्रश्न सुटतो. जेथे अशी सोय नाही, तेथे संपर्काच्या पानावरील दूरध्वनी क्रमांकावर चित्राचे नाव सांगून निघण्यापूर्वी विचारावे. मुले सोबत असताना एवढा एक दूरध्वनी करण्याचा कंटाळा करू नये. साप्ताहिक सुटीही त्याच वेळी विचारून घ्यावी : भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी.

डोंबिवली येथील एक वाचक : आईला चित्रांची फार आवड आहे, पण इंग्रजी येत नाही. देवनागरीत शब्द घातला तर काहीच सापडत नाही. तिने काय करावे?

उत्तर : बहुतेक नोंदी इंग्रजीत असल्याने शोधाचा शब्द इंग्रजी लिपीत द्यावा लागतो, ही खरी उणीव आहे आणि निदान आपल्याकडच्या संग्रहालयांनी ती दूर करावी, असे मला मनापासून वाटते. तोवर एक मार्ग असा की, मराठी विकिपीडियावर चित्रकाराचे पान उघडावे, तेथून भाषांच्या यादीतून इंग्रजी पानावर जावे आणि नावाचे वर्णलेखन तेथून उचलून संग्रहालयाच्या शोधचौकटीत चिकटवावे. पान उघडल्यावर ब्राउझरमधील भाषांतराची सोय वापरता येते. मात्र यंत्र विशेषनामांचेही भाषांतर करून बसते, म्हणून कर्त्याचे नाव आणि दाखल क्रमांक मूळ पानावरूनच घ्यावा. आपल्या आईंसाठी आरंभ म्हणून ‘गुगल आर्ट्स अँड कल्चर’ सोयीचे पडेल. तेथे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निवडक वस्तूही आहेत आणि काही चित्रे इतकी मोठी करून पाहता येतात की ब्रशचा फटकारा दिसावा. देशातील संग्रहालयांसाठी ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे शासकीय संकेतस्थळ आहे; पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीवर ते उभे असून मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील कृती तेथे पाहता येतात.

मुंबई विद्यापीठातील एक विद्यार्थिनी : संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली चित्रे माझ्या प्रबंधात छापली तर चालेल का? पुढे त्याचे पुस्तक निघाले तर?

उत्तर : येथे दोन वेगळे हक्क पाहावे लागतात : एक मूळ कलाकृतीचा आणि दुसरा, संग्रहालयाने काढलेल्या तिच्या छायाचित्राच्या वापराचा. मूळ कृतीबाबत भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार कलावंताच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो आणि ती वर्षे निधनाच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. १९४४ साली निवर्तलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांवरील हक्क त्यामुळे २००४ अखेर संपला. २०११ साली गेलेल्या हुसेन यांच्या चित्रांवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. चित्र एखाद्या संग्रहालयाच्या मालकीचे असले, तरी त्याचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या वारसांकडे असू शकतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

छायाचित्राच्या अटी प्रत्येक संग्रहालयाच्या वेगळ्या आहेत. मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये, आणि क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्टने जानेवारी २०१९ मध्ये, हक्कमुक्त कृतींची छायाचित्रे कोणत्याही कामासाठी, विक्रीच्या पुस्तकासाठीसुद्धा, विनापरवानगी वापरण्यास खुली केली. अशा नोंदीवर ‘ओपन ॲक्सेस’ किंवा ‘पब्लिक डोमेन’ अशी खूण असते. ब्रिटिश म्युझियमची छायाचित्रे श्रेयनिर्देश करून विनाव्यापारी कामासाठी वापरता येतात, म्हणजे प्रबंधाला चालतील, विकावयाच्या पुस्तकासाठी मात्र परवानगी घ्यावी लागेल. व्यक्तिगत संशोधनासाठी आपल्या कायद्यात न्याय्य वापराची तरतूद आहे. तिच्या आधारे प्रबंध पुरा होईल, तरी प्रकाशकाशी बोलणी सुरू होताच प्रत्येक चित्राची परवानगी नव्याने तपासावी.

छपाईसाठी प्रतिमा किती मोठी हवी, हेही पाहून ठेवावे. पुस्तकात सहा इंच रुंदीचे चित्र स्वच्छ यावे, तर इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने प्रतिमा किमान अठराशे ठिपके रुंद असावी लागते. पडद्याचे छायाचित्र घेऊन चालत नाही. नोंदीच्या पानावरील डाऊनलोडची खूण वापरावी.

बोरिवली येथील एक अभ्यासक : काही वर्षांपूर्वी जपून ठेवलेले दुवे आता उघडत नाहीत. ती चित्रे काढून टाकली असतील का?

उत्तर : बहुधा नसावीत. संकेतस्थळाची पुनर्रचना झाली की जुने पत्ते मोडतात. ब्रिटिश म्युझियमने २०२० साली आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने २०२१ साली आपला संग्रहशोध नव्याने बांधला. पत्ता बदलला तरी दाखल क्रमांक सहसा बदलत नाही. आपल्या जुन्या टिपणांत तो असेल, तर नव्या शोधचौकटीत तसाच, त्यातील स्वल्पविराम आणि टिंबे सांभाळून, घालावा. क्रमांक टिपलेला नसेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता घालून पाहावा, पानाची जतन केलेली प्रत मिळाल्यास क्रमांक तेथून उतरवून घेता येईल. यापुढे प्रत्येक चित्राखाली कर्ता, शीर्षक, संग्रहालय, दाखल क्रमांक आणि पान पाहिल्याची तारीख एवढे लिहून ठेवावे, आणि दुवा त्यानंतर द्यावा.